तिसऱ्या दिवसाचा फोन

आमच्या प्रत्येक फॉर्मच्या शेवटी 'इतर शेरा' नावाचा एक रकाना आहे. दोन बोटं रुंद. त्यात काय लिहायचं हे कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे जे कुठंच बसत नाही ते मी तिथं लिहिते. परवा फायली लावताना हे शेरे एकाखाली एक वाचत गेले आणि अभ्यास राहिला बाजूला, किस्सेच निघत गेले!

आधी अभ्यास म्हणजे काय ते सांगते. नाशिकच्या एका हॉस्पिटलात मी को-ऑर्डिनेटर आहे, म्हणजे फॉर्म भरणं आणि फोन करणं. आमचे सर थायरॉइडची ऑपरेशनं करतात. गळ्यातल्या या थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. थायरॉइड काढताना त्यांना धक्का लागला तर त्या काही दिवस गप्प बसतात आणि कॅल्शियम उतरायला लागतं. आधी ओठांना, बोटांना मुंग्या. मग बोटं वळतात. तेव्हाही दुर्लक्ष केलं तर झटके, हृदयाचे ठोके बिघडणं. आणि हे होतं साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे पेशंट खुशीत घरी पोचल्यावर!

ऑपरेशन झाल्या झाल्या रक्त तपासलं, तर कुणाचं कॅल्शियम उतरणार हे आधीच ओळखता येईल का, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न. उत्तर मिळेपर्यंत माझा फोन. रोज सकाळी अकराला. तिसऱ्या दिवशी नुसतीच रिंग वाजत राहिली की मी दर पाच मिनिटांनी पुन्हा लावते.

*

मनमाडचे एक रिटायर्ड रेल्वेवाले काका. ऑपरेशन काकूंचं. अभ्यासात नाव घालायचं तर आधी संमतीपत्र वाचून दाखवावं लागतं. मी वीस मिनिटं वाचलं. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे कुणाचं कॅल्शियम पडणार, हे डॉक्टरांनाही माहीत नाही?"

"नाही ना काका. म्हणून तर अभ्यास."

"अहो, मग हे पहिले डॉक्टर भेटले, माहीत नाही म्हणणारे! कुठं सही करायची?"

काकूंना आम्ही डायरी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ त्रासाचा आकडा लिहायचा. काही नाही तर शून्य, थोड्या मुंग्या असतील तर एक, बोटं वळायला लागली तर दोन. चौथ्या दिवशी टाके दाखवायला आल्या तेव्हा मी डायरी उघडली. महिनाअखेरपर्यंत सगळी पानं भरलेली! सकाळी आठ, शून्य. संध्याकाळी आठ, शून्य. सुंदर अक्षर, काकांचं.

"काका, अहो पुढचा आठवडा अजून यायचाय!"

काका शांतपणे म्हणाले, "मॅडम, गाडी वेळेवर येणार असं धरूनच टाइमटेबल छापतात."

काकू मागून म्हणाल्या, "आणि तुमची गाडी कधी वेळेवर आली होती?"

*

मालेगावच्या सलीमभाईंना अकराला फोन लावला की मागे यंत्रमागांची खडखड. ते ओरडायचे, मी ओरडायचे, आमच्या ओपीडीतले पेशंट दचकायचे. तिसऱ्या दिवशी (हो, ते तिसऱ्याच दिवशी कामावर!) मी विचारलं, "हाताला मुंग्या येतात का?"

"आती है ना!"

मी खुर्चीतून उठलेच. "किती? दोन्ही हातांना? कधीपासून?"

"बीस साल से, मॅडम! लूम पे हाथ है, झुनझुनी तो रहेगी. आप ऑपरेशन के पहले पूछते, तो पहले भी बता देता!"

मी हे सरांना हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत. फॉर्म मागवून घेतला, दोनदा उलटापालटा केला. खरंच, ऑपरेशनच्या आधी मुंग्या होत्या का, हा प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नव्हताच! दुसऱ्या दिवशी तो घातला.

"आपला खरा संशोधक," सर म्हणाले, "मालेगावात माग चालवतोय."

*

भागाबाई पेठकडच्या. त्यांच्या पाड्यावर रेंज नाही. पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर चढलं की दोन काड्या येतात. अकराच्या फोनसाठी त्या पावणेअकरालाच तिथं जाऊन बसायच्या.

"भागाबाई, मुंग्या येतात का?"

"बरी हाय."

"ओठ बधिर वाटतात का?"

"बरी हाय, मॅडम. तुमी बऱ्या ना?"

फोनवर कुणी चौकशी केली की बरी हाय म्हणायचं, ही त्यांची रीत. तिसऱ्या दिवशीही त्या तेच म्हणाल्या. मी शून्य लिहिलंसुद्धा. पण आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला, म्हणून विचारलं, "भागाबाई, फोन नीट धरलाय ना?"

तर दुसराच आवाज आला. गावातली आशाताई. "मॅडम, फोन मी धरलाय त्यांच्या कानाला. त्यांची बोटं वाकडी झालीत, फोन हातात राहत नाय!"

जीप करून त्यांना आणेपर्यंत मी ओपीडीच्या दारातून हलले नाही. सलाइनमधून कॅल्शियम गेलं, बोटं हळूहळू मोकळी झाली. आणि मी, रागाने आवाज कधी न चढवणारी बाई, त्यांच्यावर चिडले.

चिडण्याचं कारण भागाबाई नव्हत्या. माझे यजमान गेले त्या दुपारी मी त्यांना ऑफिसात फोन केला होता. "बरा आहे गं, जरा ॲसिडिटी," म्हणाले होते. मी बरं म्हणून फोन ठेवला होता.

"भागाबाई," मी म्हणाले, "यापुढे 'बरी हाय' म्हणायचं नाही. मी विचारलं की आकडा सांगायचा. शून्य, एक की दोन. दुसरं काही बोलायचं नाही!"

त्या घाबरून म्हणाल्या, "शून्य."

त्यानंतर आजतागायत त्या दवाखान्याच्या पायरीवर भेटल्या तरी नमस्काराच्या आधी आकडा सांगतात.

*

मखमलाबादच्या एका झेंडूवाल्यांच्या घरातली सून. ऑपरेशन छान झालं, पण नंतरच्या तपासणीत थायरॉइडचा रिपोर्ट काही केल्या जागेवर येईना. गोळ्या तर रोज घेते म्हणे. सोबत सासूबाई होत्या. मी विचारलं, "मावशी, गोळ्या कशा देता?"

"सगळ्या एकदम, दुधाबरोबर. विसरायला नको."

मी समजावलं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॅल्शियमची चार तासांनी. दोन्ही एकत्र पोटात गेल्या, तर कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही.

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे यांच्यातही सासू-सून आहेच की!"

सून इतकी हसली की तिला टाक्यांच्या जागी हात धरावा लागला. एवढं बोलून माझा घसा कोरडा पडला होता, म्हणून मी पाणी प्यायले. सासूबाई टक लावून बघत होत्या.

"मॅडम, पाणी पिताना तुमच्या गळ्यात काहीतरी वर-खाली होतंय. हिचं असंच होतं."

मी म्हणाले, "दमलेय हो, दुसरं काही नाही."

आरशासमोर उभं राहा, पाण्याचा घोट घ्या, गळ्याकडे बघा, हे मी शिबिरांतून शेकडो बायकांना शिकवलंय. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी बेसिनवरच्या आरशावर टॉवेल टाकला.

*

टॉवेल तीन महिने तिथंच होता. चौथ्या महिन्यात सरांनीच ओपीडीत गाठलं. "मॅडम, हा स्कार्फ उन्हाळ्यात कशासाठी?"

सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. गाठी दोन्ही बाजूंना होत्या. पूर्ण थायरॉइड काढायची ठरली.

मी म्हणाले, "माझा फॉर्म मीच भरते. अक्षर तरी वाचता येईल."

"स्टाफला अभ्यासात घेता येत नाही," सर म्हणाले. "नियम तुम्हीच टाइप केलाय."

खरंच मीच केला होता! पान दोन, मुद्दा सहा.

*

सोमवारी माझं ऑपरेशन झालं. पुण्याहून मुलगी आली होती. बुधवारी घरी सोडलं. मुलीची रजा संपत आलेली, तिची घालमेल दिसत होती. मी म्हणाले, "जा तू. मी बरी आहे." ती संध्याकाळच्या बसने गेली.

गुरुवारी सकाळी उठले तर डाव्या हाताची बोटं जड. हातावर झोपले असेन, असं म्हटलं. चहा केला. ओठाला कप लागलेला नीट कळेना. चहा गरम असेल, असं म्हटलं. रोज ज्या लोकांना मी समजावते ते अगदी हेच म्हणतात, हे लक्षात येत होतं आणि तरीही मी सरांना फोन लावत नव्हते. त्यांची ओपीडी भरलेली असणार, उगाच कशाला. संध्याकाळी बघू.

घड्याळात अकरा वाजले. माझ्या यादीतल्या पेशंटना आज लॅबमधली वैशाली फोन करणार होती. माझं नाव कुणाच्याच यादीत नव्हतं.

फोन वाजला. उचलला तर मागे नुसता वारा.

"मॅडम, भागाबाई बोलते. पेठहून. काल दवाखान्यात गेलते, वैशालीताई बोलल्या तुमचं कापलं म्हनून. मी दिवस मोजले. आज तिसरा."

"अहो भागाबाई, एवढ्या उन्हात टेकाडावर कशाला चढलात?"

"मुंग्या येतात का?"

मी बोटांकडे पाहिलं. अंगठा आपोआप तळव्याकडे वळत होता. मी फोन उजव्या हातात घेतला.

"मी बरी आहे, भागाबाई."

त्यांचा आवाज चढला, पहिल्यांदाच.

"बरी हाय म्हनायचं नाय, मॅडम! आकडा सांगा!"