डाव्या हाताची पट्टी

आईची चूक काढायची नाही, हा आमच्या घरचा नियम इतका पक्का होता की तिच्या अंगावरून वारं गेलं तरी त्यात फरक पडला नाही. दिवाळीनंतर तिचा उजवा हात गेला. म्हणजे मूठ वळवून दिली तर वस्तू धरून ठेवते, पण बोटं आपणहून ऐकत नाहीत. जीभ मात्र शाबूत.

माझ्या लेकीचं लग्न ठरलं होतं. तिच्या रुखवतात ठेवायला आईनं हेअरपिन लेसची शाल विणायला घेतली होती. दोन उभ्या दांड्यांचा फोर्क असतो. त्याला लोकर गुंडाळायची, मधोमध क्रोशाच्या सुईनं एक मुका खांब, म्हणजे आखूड टाका, घालायचा, फोर्क अर्धा फिरवायचा, पुन्हा लोकर, पुन्हा खांब. दोन्ही बाजूंना फासे आणि मध्ये वेणी अशी लांब पट्टी होते. नऊ पट्ट्या एकमेकींत गुंफल्या की शाल. आईच्या सहा झाल्या होत्या. उरलेल्या तीन मी शिकून करायच्या, असं आईचं अमरावतीहून फर्मान निघालं. दुकानातून शाल आणू म्हटलं, तर तीन दिवस फोनवर आली नाही.

मेख अशी की मी डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं घास उचलला की आईची चापट, डाव्या हातात सुई धरली की त्याच सुईचा टोला बोटांवर. जेवण आणि लिहिणं उजव्या हातावर गेलं. क्रोशा काही गेला नाही. शेवटी मी तो सोडला आणि आई आल्यागेल्याला सांगत राहिली, "इले काईच येत नाई." लग्न होऊन अकोल्याला आल्यावर शेजारणीसोबत बसून मी डाव्या हातानं शिकले. आईला कधी सांगितलं नाही.

तर तिन्ही पट्ट्या मी डाव्या हातानंच केल्या. शाळेत शिकवून आल्यावर, पंधरा संध्याकाळी घालून. रविवारी गाडी पकडून अमरावतीला गेले. पाणी घे म्हणायच्या आधी आईनं पट्टी मागितली आणि वेणीवरून बोट फिरवलं.

"हे डाव्या हातानं केलं तू."

"आई, कोनाले दिसते ते?"

"मले दिसते. माह्या सहा वेण्यांचा कल इकडं, तुह्या तिनाचा तिकडं. पाहुणे हात लावून पाह्यतात. उसव."

राग याचा आला की ती खरं बोलत होती. कल उलटाच होता. हेअरपिन उसवायला अक्कल लागत नाही, टोक ओढलं की सुर्रकन सगळं निघतं. वहिनीचा चहा उकळायच्या आत माझ्या पंधरा संध्याकाळी लोकरीचे तीन गुंडे होऊन आईच्या पायाशी पडल्या.

"आता धर सुई उजव्या हातात."

बावन्नाव्या वर्षी मी उजव्या हातात सुई धरली. पाच फासे झाले, पाचही पाच तऱ्हेचे.

"तशी नाई."

"मंग कशी?"

"कवाची सांगून राहिली तुले!" आणि तिचा डावा हात माझ्या बोटांकडे आला. सुई नीट करायला आला असेल, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मारतं काय आता? मार! डाव्या हाताचा घास उचलला तं मले मारे तू. आता तू कोन्या हातानं जेवतं? तुले मारते काय कोनी?"

बोलून गेले आणि माझंच तोंड कडू झालं. वहिनी चहा ठेवून निघून गेली. चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नाही.

मग आईनं डाव्या हातानं फोर्क ओढून घेतला, उजव्या मुठीत खोचला आणि त्या मुठीचं एकेक बोट आपणच दाबून मिटवलं. सुई डाव्या हातात घेतली.

"दाखव."

"काय?"

"डाव्यानं कसं करतं ते. कोन्या बाजूनं फिरवू?"

मी शेजारी बसून दाखवत राहिले. चुकलं की माझा आवाज चढायचा, अगदी तिच्यासारखा, आणि ती ऐकून घ्यायची. त्याचा मला आणखीच वैताग आला. अर्धी दुपार सरेपर्यंत अकरा फासे झाले, एक लांब, एक आखूड. सवयीनं मी टोक ओढायला गेले.

"उसवू नोको," ती म्हणाली. एकही वाकडा टाका कधी खपवून न घेतलेली माझी आई. "एक मी करतो. त्याच्याजोळ तुह्या डाव्या हाताच्या दोन चालतीन. आन त्या पट्ट्या इकडं."

मी तिच्या पायाशी पडलेल्या गुंड्यांकडे बोट दाखवलं. "तूच तं उसवायले लावल्या."

तिनं खाली पाहिलं.

"मंग पुन्हा कर," ती म्हणाली. "इथंच बस, माह्या समोर. डाव्यानं कर."