लोखंडाच्या नावावर

“ती हाक मारून दाखव,” सर म्हणाले. “तुझा बाप मेंढरांना मारतो ती. पाहुण्यांना ऐकू दे.”

परभणीच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या हॉलमध्ये मी चहाचा ट्रे धरून उभी होते. एमएस्सी पहिल्या वर्गात पास झालेली, पीएच.डी. करणारी बाई. सर माझे गाईड. त्यांच्या प्रकल्पाची पाहणी करायला बाहेरून समिती आली होती, आणि चहा द्यायला विभागातून मलाच बोलावलं होतं.

“हिचे वडील आमच्या गंगाखेडच्या रानात मेंढरं बसवतात,” सर सांगत होते. “ऊस निघाला की कळप रानात मुक्कामाला. फुकट खत. शाश्वत शेती! आणि मुलगी माझ्याकडे शाश्वत रसायनशास्त्र करते. बघा योग.”

पाहुणे हसले. मी ट्रे टेबलावर ठेवला आणि हाक मारली. जीभ टाळूला लावून, लांबवून. चुकलेल्या कोकराला कळपाकडे वळवायची हाक आहे ती. आमच्या गावच्या, झरीच्या शिवारात बाच्या मागून चालताना मी शिकले.

टाळ्या पडल्या. एकानं मोबाईल काढला. “पुन्हा एकदा, प्लीज. रेकॉर्ड नाही झालं.”

मी पुन्हा मारली.

पहिल्या हाकेचं मी एकवेळ सोडून देईन. दुसरीचं नाही. दुसरी मारताना मला सगळं कळत होतं, आणि तरी मी ती मारली. त्या दिवशी खोलीवर जाऊन जेवले नाही.

आता सरांचं काम काय ते सांगते. दोन रेणू एकमेकांना जोडायचे असले की पॅलेडियम नावाचा धातू चिमूटभर टाकतात. तो महाग, दुर्मिळ, जमीन खणून खणून काढायचा. सरांचा दावा असा, की त्यांनी तेच काम साध्या लोखंडाच्या क्षारावर करून दाखवलं. स्वस्त, बिनविषारी, निसर्गाला धरून. या लोखंडाच्या नावावर सर मोठे झाले. भाषणं, हार, शाली, पेपरात फोटो.

फक्त माझ्या हातून ते लोखंड काम करीना. सगळं सरांच्या पद्धतीनं करायची. फ्लास्क गरम, लोखंड शुद्ध, वेळ पाळलेली. शेवटी काचेच्या पट्टीवर द्रवाचा थेंब चढवून दिव्याखाली धरायचा. नवा पदार्थ झाला असेल तर वेगळा ठिपका दिसतो. माझ्या पट्टीवर काही नाही.

सरांनी पट्टी बघितली. सगळी लॅब ऐकत होती.

“तुझ्या हाताला मेंढरांचा वास आहे. धातूला सहन होत नाही.”

लॅब हसली. माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या पोरीसुद्धा हसल्या. मी बेसिनवर जाऊन हात धुतले. साबण लावून. नंतर त्या धुण्याचीच मला लाज वाटली, हातांची नाही.

आमच्याकडे कोकरं अचानक पडायला लागली की बा सगळ्यांना एकदम औषध पाजत नाही. आज एक चारा बंद करतो, उद्या दुसरा. एकेक काढून बघतो. मीही तसंच केलं. बाकीच्यांचं काय वेगळं आणि माझं काय वेगळं, एकेक गोष्ट बदलत गेले. काच बदलली, लोखंडाची बाटली बदलली. काही फरक नाही. मग उरलं ते मॅग्नेट.

फ्लास्कात एक छोटं मॅग्नेट टाकतात, गरगर फिरून द्रव ढवळायला. वर पांढरं प्लास्टिकचं कवच. माझं नव्या पाकिटातलं होतं, कारण जुनी मॅग्नेटं सीनियर पोरं मला देत नव्हती. त्यांची जुनी, अनेक वर्षं वापरलेली, काळपट डाग पडलेली. सरांच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी ती पॅलेडियममध्ये फिरवली होती.

मी हट्ट धरून एक जुनं मॅग्नेट मागून घेतलं. लगेच ठिपका आला. मग लोखंड टाकलंच नाही, नुसतं जुनं मॅग्नेट फिरवलं. तरी ठिपका आला.

म्हणजे लोखंड काही करतच नव्हतं. प्लास्टिकला चिकटून राहिलेलं पॅलेडियम राबत होतं आणि नाव लोखंडाचं होत होतं. मला एकटीला हसू फुटलं. असं राबणं आमच्या घराला ओळखीचं होतं.

मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. सर उठले. दार लावून आले.

“हे बाहेर बोललीस तर पीएच.डी. विसर. आणि बापालाही सांग, दुसरं रान बघायला.”

तेव्हा मला पक्कं कळलं. त्यांना आधीपासून माहीत होतं.

मी झरीला गेले. बा कातरलेली लोकर पोत्यात भरत होता. मी सगळं सांगितलं. रानाचंही सांगितलं.

“रान काय त्येचं एकट्याचंच हाय व्हय?” बा म्हणाला. मग पोतं खाली ठेवून, “तू त्या हाकंचं मला कामून सांगितलं न्हाईस?”

समितीतल्या कुणीतरी तो व्हिडिओ पुढे पाठवला होता. फिरत फिरत तो आमच्या गावापर्यंत आला होता.

“लोकं दाखवायलेत मला,” बा म्हणाला. “तुझी पोरगी म्हणून.”

माझा बा कधी मान खाली घालून बोलत नाही. त्या दिवशी बोलला.

समिती पुन्हा आली तेव्हा प्रयोग करून दाखवायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. मी घाबरून गप्प बसले आहे, असा त्यांचा हिशेब. जुनं मॅग्नेट त्यांनी स्वतः माझ्या हातात ठेवलं. मी सकाळी एकाऐवजी तीन फ्लास्क लावले. पहिल्यात लोखंड आणि जुनं मॅग्नेट. दुसऱ्यात लोखंड आणि नवं मॅग्नेट. तिसऱ्यात लोखंडच नाही, नुसतं मी आधी मागून घेतलेलं जुनं मॅग्नेट.

दुपारी जेवून पाहुणे लॅबमध्ये आले. सर खुशीत होते. “आधी ती हाक होऊ दे. नव्या मेंबरांनी ऐकली नाही.”

“नाही मारणार,” मी म्हणाले.

“काय?”

“ती मेंढरांसाठी असते सर. इथं मेंढरं नाहीत. आधी पट्ट्या बघू.”

दिव्याखाली तिन्ही पट्ट्या धरल्या. पहिलीवर ठिपका. दुसरी कोरी. तिसरीवर ठिपका. कशात काय होतं ते मी मोठ्यानं सांगितलं. एका वयस्कर मॅडमनी तिसरी पट्टी हातात घेतली. “यात लोखंड नाहीच?”

“नाही मॅडम.”

सर म्हणाले, “ही पोरगी गोंधळ घालते. हिच्याकडून काहीतरी सांडलं असेल.” पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो सगळ्यांना दिसत होता. मला आनंद झाला. खूप झाला. तो लपवून मी सोज्वळ होणार नाही.

पुढं काय व्हायचं तेच झालं. समिती चहा पिऊन गेली. प्रकल्प चालू राहिला. माझं रजिस्ट्रेशन हजेरीचं कारण काढून रद्द झालं. बाला गंगाखेडच्या रानातून कळप उठवावा लागला.

मी नांदेडला दुसऱ्या गाईडकडे पहिल्यापासून सुरुवात केली. लोखंडच घेतलं, मुद्दाम. दर वेळी कोरं मॅग्नेट, कोरी काच. कितीतरी पट्ट्या कोऱ्या गेल्या. पण शेवटी लोखंडानं काम केलं, खरंखुरं, त्याच्या स्वतःच्या बळावर. त्यावर मला डॉक्टरेट मिळाली. आता मी पूर्णेच्या कॉलेजात शिकवते आणि तिथंच माझी छोटी लॅब आहे.

लोक म्हणतात, मिळालं ना सगळं, आता सोडून द्या. कशाला सोडू? सर अजून हार घालून घेतात. तो व्हिडिओ अजून कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये आहे. बा गंगाखेडचा रस्ता अजून टाळतो.

मागच्या आठवड्यात सरांना नवा सन्मान मिळाला. भाषणात त्यांनी पुन्हा त्याच लोखंडाचं नाव घेतलं. मी त्यांना निमंत्रण पाठवलंय आणि त्याच्या प्रती समितीतल्या सगळ्यांना. पूर्णेला या. माझ्या लॅबमध्ये, माझ्या विद्यार्थ्यांसमोर तुमचा प्रयोग करून दाखवा. येणार नसाल तर जिथं तुमचं भाषण असेल तिथं मी फ्लास्क घेऊन येईन. एकही हॉल सोडणार नाही.

हात तुमचे असतील सर. मॅग्नेट माझं असेल. आणि कोरी पट्टी दिव्याखाली धरून मी सगळ्यांदेखत सांगेन, पुन्हा एकदा करून दाखवा.