पिवळा माल

साल २०२४. वैशाख, मे महिन्याची अखेर. हसणार असाल तर आधी हातातला चहा खाली ठेवा. असला गाढवपणा मी जन्मात एकदाच केला, आणि तोही भर दुपारी.

हिंगोली जिल्ह्यात हट्ट्याच्या शिवारात आमचं ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड आहे. चालवते सून, सविता. उन्हाळ्यात ब्रॉयलर म्हणजे नाजूक काम. कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि बघता बघता मान टाकते. म्हणून सविता खाद्यात चिमूटभर हळद, थोडा लसूण, थोडा ओवा मिसळायची.

मला ती चिमूट पटत नव्हती. हळदीच्या मुलखात राहायचं आणि चिमटीनं हळद घालायची? आमच्या घरात पोती पडलेली असतात.

त्या दिवशी आखाडा बाळापूरचा व्यापारी माल उचलायला येणार होता. पक्षी वजनात भरले होते. राहिले असते तर त्या उन्हात निम्मे मेले असते, आणि सुनेची मेहनत मातीत. ती बाजाराला निघाली. जाताना म्हणाली, "मामा, निस्ती नजर ठेवा. काही करू नका."

मला असं कुणी सांगतं का?

मी चूल पेटवली. पातेलंभर हळद उकळली, धोतराच्या फडक्यातून गाळली आणि वर चढून टाकीत ओतली. म्हटलं, पितील आणि रुबाबात गाडीत बसतील. शेडावर टाक्या दोन. एक पिण्याच्या पाण्याची, एक फवाऱ्याची. कोणती कोणत्या कामाची, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायचा माझा स्वभाव नाही.

ऊन चढलं. पक्षी धापा टाकू लागले. गारव्यासाठी मी फवाऱ्याचं बटण दाबलं. छतातून धुकं उतरलं. पिवळं.

आता काय सांगावं? हळदीचा मांडवच तो. पक्षी पिवळे, जाळी पिवळी, मी पिवळा. मिशीचं तर नावच काढू नका.

व्यापारी यायची वेळ झालेली. मी एक कोंबडी धरली आणि कपड्याच्या साबणानं घसाघसा चोळली. ती लाल झाली. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात व्यापारी दारात. पांढराशुभ्र शर्ट, इथून पुढं कुणाच्या तरी लग्नाला जायचं होतं. त्यानं पिवळे पक्षी पाहिले, माझ्या हातातली लाल कोंबडी पाहिली, मग मला पाहिलं.

"बाबा, हे काय होऊन राहिलं?"

"काही न्हाई. तब्येत बराबर हाय."

"कुणाची?"

तो मागं सरकला. ह्यांना कावीळ झालीय, वरून रक्त फुटलंय, असला माल आपण गाडीत घालत नसतो म्हणाला. ड्रायव्हरला गाडी वळवायलाही सांगितलं. तोच सविता आली. तिनं एकदा शेडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"मामा, कोणत्या टाकीत काय वतलं?"

मी सांगितलं. ती हसली नाही. व्यापाऱ्याला म्हणाली, "भाऊ, रोग न्हाई, हळद हाय. जरा आत येऊन उभं राहा." आणि बटण दाबलं.

व्यापाऱ्यानं स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. पटलं त्याला. सगळा माल गेला, लाल कोंबडीसकट. तो तसाच लग्नाला गेला. तिथं नवरदेवाचा भाऊ समजून त्याला पहिल्या पंगतीला बसवलं म्हणे.

शर्टाचं देणं मात्र माझ्यावर राहिलं. कुणाचं ठेवून घ्यायची आमची रीत नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं हिंगोली गाठली, पांढरा शर्ट घेतला आणि बाळापूरला त्याच्या दारात उभा राहिलो. मी अजून पिवळाच होतो. साबण लावायची हिंमत होत नव्हती.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत ड्रायव्हरला हाक मारली, "गाडी काढ रे. हट्ट्याच्या मालातला एक नग राहून गेला."

मी शर्ट त्याच्या हातावर ठेवला.