मौनाचे सतरा दिवस

वडिलांची बदली कलकत्त्याला झाली त्या वर्षी मी अठरा वर्षांची होते आणि 'मी कोण' हे मला जाणून घ्यायचं होतं. घरात हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती. भवानीपूरच्या भाड्याच्या जागेत आम्ही चौघं राहत होतो: आई, वडील, मी आणि वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या. ती बालविधवा. माझ्या पोथ्या, माझं पहाटे डोळे मिटून बसणं, सगळ्याला ती ढोंग म्हणायची. कामं चुकवायला देव बरा सापडला हिला, हे तिचं रोजचं.

कॉलेजातल्या मैत्रिणीबरोबर बोटीने नदी ओलांडून मी हावड्याच्या एका स्वामींकडे जाऊ लागले होते. एकदा ते आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत म्हणाले, महिनाभर बोलू नकोस, आत कोण बसलंय ते आपोआप दिसेल. दुसऱ्या दिवसापासून मी मौन धरलं.

वडील चिडले, मग त्यांनीच माझ्याशी बोलणं टाकलं. आईने रडून पाहिलं. आत्या मात्र दुप्पट बोलू लागली. मी चटणी वाटत असले की शेजारी बसून माझ्या रंगापासून परीक्षेतल्या मार्कांपर्यंत सगळं काढायची आणि शेवटी म्हणायची, दे आता उत्तर. मी मान खाली घालायची. आईला वाटे, पोर शांत झाली. मी मनातल्या मनात आत्याला एकेक झोंबणारं उत्तर देत होते, आणि ध्यानाला बसले की तीच उत्तरं घोळत राहायची.

सतराव्या दिवशी मागच्या नळावर मी कपडे धुतले. साबणाचं पाणी शेवाळलेल्या पायरीवर सांडलं होतं. ते धुवून काढायला बादली भरत होते, तेवढ्यात आत्या कळशी घेऊन दारात आली. तिने पाऊल उचललेलं मी पाहिलं. 'थांब' एवढं म्हटलं तरी पुरलं असतं. शब्द जिभेवर आला होता. मी तो गिळला.

तिचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टर प्लास्टर घालून गेल्यावर ती म्हणाली, "तू पाहत होतीस."

"हो," मी म्हणाले. मौन तिथे संपलं.

त्या रविवारी स्वामींना सगळं सांगितलं. ते हसले. प्रारब्ध तिचं, तू नुसती निमित्त, म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "ती पडावी असं मला वाटत होतं."

त्यांनी मान वळवून दुसऱ्या भक्ताला जवळ बोलावलं. मी पुन्हा तिकडे गेले नाही.

सहा आठवडे मी आत्याला भरवलं, न्हाऊ घातलं, लुगडं नेसवलं. आई पुढे झाली तर आत्याच म्हणायची, हिलाच करू दे. घास घेताना ती माझ्याकडे रोखून बघे, आणि मी नजर वळवली की तोंड मिटून बसे. माफी मी मागितली नाही. मागितली असती तरी तिने माफ केलं नसतं.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने वाकड्या राहिलेल्या मनगटाने स्वतःची पोळी मोडली.

"आता माझ्यासमोर जेवायला बसू नकोस," ती म्हणाली.

लग्न होऊन त्या घरातून निघेपर्यंत मी तिच्यानंतर, एकटीच जेवत राहिले.