बाबांच्या मापाचं हँडल

धाकटीच्या मानदुखीची कारणं दोन होती आणि दोन्ही घरातलीच. एक मोटरसायकल, दुसरी ताई.

दोघी बहिणींचा धुलाईचा धंदा होता. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, असले गठ्ठ्यांनी येणारे कपडे. आवारात ओळीनं दगडी टाक्या, मागे वाळत घालायच्या तारा, पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल, आणि त्या खोलीवर दोघींचं बिऱ्हाड. ताई धुवायची. धाकटी गठ्ठे मोटरसायकलवर बांधून पोचवायची आणि मळके घेऊन यायची. लग्न दोघींनीही केलं नाही. का, असं विचारायला आलेल्या एका मावशीला ताईनं ओल्या टॉवेलनं फाटकापर्यंत हाणत नेलं होतं. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

मोटरसायकल बाबांची. बाबा उंच, आडदांड, आणि हात असे की पंगतीच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाच्या पोरीच्या कानाखाली आवाज काढतील. हँडल त्यांनी स्वतःच्या हातांना बेतून पुढे आणि खाली बसवलेलं. धाकटी जेमतेम त्यांच्या छातीला लागायची. ते हँडल धरायला तिला पेट्रोलच्या टाकीवर जवळजवळ पालथं पडावं लागे, कोपरं ताठ, पाठ कमानीसारखी, आणि रस्ता दिसावा म्हणून मान वर मुरगळलेली. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मनगटातून निघून थेट मानेत जाऊन बसायचा.

राहिलेलं काम ताई करायची. चादर पिळायची दोघींची रीत अशी की एक टोक एकीनं धरायचं, दुसरं दुसरीनं, उलटसुलट पीळ द्यायचा आणि पाणी निथळलं की दोघींनी एकदम झटका मारून चादर मोकळी करायची. ताईचं डोकं फिरलेलं असलं की ती झटका एकटीच मारायची, आधी, न सांगता. धाकटी तोंडघशी पुढे फेकली जायची आणि मान कट्कन वाजायची. शेजाऱ्यांना वरून दिसायचं, दोघी बहिणी कशा गुण्यागोविंदानं चादरी पिळतायत.

मग बोटांना मुंग्या यायला लागल्या. एकदा उतारावर ब्रेक दाबला आणि दाबला गेला की नाही तेच कळेना. एका म्हाताऱ्याच्या काठीला घासून गाडी थांबली. म्हातारा शिव्या देत निघून गेला. धाकटी मात्र तिथेच गठ्ठ्यांवर बसून राहिली.

डॉक्टरीणबाई शहाणी होती. तिनं धाकटीला स्टुलावर बसवलं, हातात केरसुणीचा दांडा आडवा दिला आणि म्हणाली, "गाडीवर बसतेस तशी बस."

धाकटी बसली.

"अशी रोज बसतेस?"

"दिवसभर."

"मग मान माझ्याकडे कशाला आणलीस, गाडी आणायची. हँडल जवळ घे, वर घे. कोपरं वाकली पाहिजेत, पाठ सरळ राहिली पाहिजे. नाहीतर गाडी सोड. बोटं एकदा गेली की मी काही करू शकणार नाही."

गाडी सोड म्हणणं सोपं आहे. गाडी सोडली की धाकटीला उरणार काय, तर टाकी, चादरीचं दुसरं टोक आणि समोर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ताई. फाटकाबाहेरचे ते तास होते म्हणून ती जिवंत होती. हे तिला नीट ठाऊक होतं आणि ताईलाही.

त्याच दिवशी तिनं मेकॅनिककडून बोल्ट सैल करवून हँडल मागे फिरवून घेतलं. तेवढ्यानंही खांदे खाली आले. घरी आली तर ताई फाटकात उभी.

"हँडलला कोणी हात लावला?"

"मी. डॉक्टरांनी सांगितलं."

"डॉक्टर तुझा बाप आहे का? बाबांनी लावलेलं हँडल आहे ते."

"बाबांचे हात किती लांब होते ते तुला मी सांगायला हवं का, ताई?"

असं बोलायला नको होतं. ताईच्या हातात पिळलेला टॉवेल होता. ओला टॉवेल पीळ देऊन मारला की हाडापर्यंत लागतो आणि वर खूण दिसत नाही; शोध बाबांचा, सराव ताईचा. तिनं पाठीवर मारलं, दंडावर मारलं, आणि धाकटी वाकली तेव्हा नेमकं मानेवर. मग पाना आणून हँडल जिथं होतं तिथं नेऊन आवळलं. ते करताना ती रडत होती. बाबांनी आयुष्यभर जिची सालटी काढली तीच बाबांसाठी रडते, हे धाकटीला कधी उमगलं नाही आणि उमगून घ्यायची आता हौसही उरली नव्हती.

ती पुन्हा मेकॅनिककडे गेली. या वेळी त्यानं हँडलखाली लोखंडी ठोकळे घातले, चांगले उंच, बोल्ट बदलले, आणि बाहेर निघालेली टोकं ठोकून चपटी करून टाकली.

"आता तुमच्या ताईच्या पान्याला दाद देणार नाही," तो म्हणाला. "पण ॲक्सिलरेटरची केबल आखूड पडतेय. लांब केबल मागवतो. तोवर हँडल डावीकडे पुरतं वळवू नका. केबल ताणली जाईल आणि गाडी आपोआप रेस होईल."

धाकटी गाडीवर बसली. कोपरं वाकली. पाठ सरळ झाली. समोरचा रस्ता मान न मोडता दिसला. इतक्या वर्षांत तिला रस्त्यालगतच्या दुकानांच्या पाट्याही कधी वाचता आल्या नव्हत्या; त्या वाचत वाचत ती घरी आली. आवारात गाडी वळवायची ती इंजिन बंद करून, ढकलत.

त्या संध्याकाळी ताईनं ठोकळे बघून ठेवले. सकाळी पाना घेऊन खाली गेली, बोल्टशी झगडली, पान्यानं ठोकळ्यांवर घाव घातले, बोटं सोलून घेतली. ठोकळे हलले नाहीत. धाकटी गठ्ठे बांधून गाडी चालू करून बसली, क्लच दाबून पहिला गिअर टाकला, तेव्हा ताई टाकीच्या कठड्याला पाठ लावून पुढच्या चाकासमोर येऊन उभी राहिली. हात रक्तानं माखलेले.

"उतर."

"बाजूला हो, ताई. उशीर होतोय."

"उतर म्हणते ना. आजपासून गाडी बंद. भंगारात घालते."

"ताई, हँडल धरू नकोस. ऐक माझं, केबल—"

ताईनं पान्याचा घाव धाकटीच्या डाव्या मनगटावर घातला, आणि पाना न सोडता दोन्ही हातांनी हँडल धरून, चादर पिळावी तसं, सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं. हँडल डावीकडे पुरतं वळलं. इंजिन किंचाळलं. धाकटीच्या बधिर बोटांतून क्लच निसटला, आणि गाडी, गठ्ठे आणि धाकटी यांच्यासकट, ताईच्या अंगावर गेली.

चाकानं ताईची मांडी दगडी कठड्याशी चेपली. हाड मोडल्याचा आवाज इंजिनातूनही ऐकू आला. ताईनं ओरडण्याआधी पान्यानं धाकटीच्या तोंडावर आणखी एक घाव घातला. दात तुटला. मागचं चाक जागच्या जागी फिरत राहिलं, धूर निघाला, आणि ताई ओरडली.

धाकटीच्या बोटांत तोवर जीव आला होता. क्लच दाबता आला असता. तिनं दाबला नाही. ताईच्या तोंडाकडे बघत राहिली, एक श्वासभर. बाबांच्या समोर ताई अशीच दिसायची, लहान आणि पांढरीफटक. मग तिनं क्लच दाबला, इंजिन बंद केलं आणि रक्त थुंकत गाडी मागे ओढली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "काय झालं?"

"टाकीवरून घसरले," ताई धाकटीच्या आधी बोलली. "ही उचलायला आली, तीही पडली."

डॉक्टरीणबाईचा विश्वास बसला नाही. दोघींनी मात्र उत्तर बदललं नाही. जखमांच्या गोष्टी कशा सांगायच्या याचं शिक्षण त्या घरात लवकर व्हायचं.

मांडीत सळई घालून ताईला घरी आणलं. धुवायला एक बाई ठेवली. गाडीचं पुढचं चाक सरळ करून घेऊन धाकटी मनगटाला पट्टी बांधून फेऱ्या करू लागली. पहिल्याच संध्याकाळी ती वर आली तर खाटेवरून तांब्या सणसणत आला आणि कानाशेजारून भिंतीवर आपटला.

"माझा पाय मोडलास. वरून हिंडतेस."

धाकटीनं तांब्या उचलला. पुन्हा भरला, आणि खाटेवरून हात पोचणार नाही अशा खिडकीत ठेवला.

"मला तहान लागली तर?"

"मी पाजीन."

"आणि तू बाहेर असलीस तर?"

"मग थांबशील."

ताई बराच वेळ तिच्या तुटक्या दाताकडे बघत होती. हात उचलून पाहिला; खाटेच्या कडेपर्यंतच गेला. धाकटी जागची हलली नाही. मग तिनं पेला भरला, ताईच्या डोक्याखाली हात घातला आणि पाणी पाजलं. ताई पाणी प्याली. अर्धं गळ्यावर सांडलं, ते धाकटीनं कोरड्या टॉवेलनं पुसलं.

"ती केबल," ताई भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "बदलली का?"

"आज आली. लांब घातली."

"मला न विचारता."

"न विचारता."

सकाळी धाकटी खाली गेली, गठ्ठे बांधले, किक मारली, आणि आवारातच हँडल डावीकडे पुरतं वळवून गाडी फाटकाकडे काढली. इंजिनाचा आवाज वाढला नाही. वरच्या खोलीतून ताई तो आवाज ऐकत असणार, हे तिला माहीत होतं. तिनं पाठ सरळ केली आणि बाहेर पडली.