पाचशे बाराने गुणायचं राहिलं

ताईचा हात पटकन उठायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेत तिने शेजारच्या बाकावरच्या पोराचा कान चावून रक्त काढलं होतं. त्यासाठी बापाने पट्ट्याने फोडून काढली, तर तोच पट्टा हिसकावून तिने बापाच्या नडगीवर ओढला. बाप कित्येक महिने तिच्याशी बोलला नाही, पण परत अंगाला हातही लावला नाही. लग्न ठरलं तेव्हा आईने जावयाला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरगी मनाची वाईट नाही. फक्त तिला राग आला की हाताच्या अंतरावर उभे राहू नका." नवरा बिचारा गरीब स्वभावाचा, तो हे आजतागायत पाळत आला होता.

अशी बाई प्रोग्रामर झाली हे बरंच झालं म्हणायचं. कॉम्प्युटरला बडवलं तरी तो पोलिसात जात नाही. तिने किती कीबोर्ड आपटून फोडले याचा हिशोब स्टोअरवाल्याने कधीच सोडून दिला होता. तरी साहेब तिला हाकलत नव्हते, कारण काम चोख. कंपनी लहानशीच, लाकूड कापायच्या यंत्रांचे कंट्रोलर, म्हणजे ती यंत्रं चालवणारे छोटे कॉम्प्युटर, बनवणारी. कंट्रोलरच्या पोटात एक मेमरी कार्ड असायचं, आणि त्या कार्डावरून वाचायचं-लिहायचं काम ज्या ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामकडे, तो ड्रायव्हर ताईने लिहिलेला.

आजवर त्या ड्रायव्हरकडे सेक्टरच्या नंबराने मागायची पद्धत होती. सेक्टर म्हणजे पाचशे बारा बाइटांचा एक डबा. "चाळीस" म्हटलं की तो चाळीस नंबरचा डबा काढून द्यायचा. नवीन कार्डं आली त्यांचे डबे निराळ्या मापाचे निघाले, म्हणून ठरलं की डब्यांची भानगडच नको, इथून पुढे सगळ्यांनी सरळ बाइट मोजून मागायचं. यात गोम अशी, की आकडा दोन्हीकडे आकडाच. जुन्या सवयीने कुणी "चाळीस" मागितलं, तर ड्रायव्हर तक्रार न करता चाळिसाव्या बाइटापासून जे काही पडलेलं असेल ते उचलून देणार. खरं हवं ते मैलभर पुढे.

ताई काही दुधखुळी नव्हती. तिने मागणीच्या फंक्शनचं, म्हणजे मागणी घेणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचं, नावच बदलून टाकलं. जुन्या नावाने कुणी हाक मारली की प्रोग्राम तयारच होऊ नये, ही तिची युक्ती. "बोंबलू दे त्याला. जिथे बोंबलेल तिथे जाऊन दुरुस्त करू," असं ती म्हणायची. आणि प्रोग्राम बोंबलला. पडदा लाल झाला, ताई एकेक जागा गाठून दुरुस्त करत गेली. शेवटी एकच जागा उरली. ओंडका पात्याकडे नेणारा करवतीचा गाडा कुठे थांबायचा तो आकडा यंत्र सुरू होताना वाचला जायचा, ती. तो कोड दुसऱ्याचा, जुनाट, गुंतवळासारखा. साहेब डोक्यावर येऊन बसले होते, ज्याच्या लाकडाच्या मिलला नवा कंट्रोलर हवा होता तो मिलवाला फोनवर फोन करत होता. ताईने तात्पुरतं म्हणून जुन्या नावाचं एक छोटं फंक्शन लिहायला घेतलं. सेक्टरचा नंबर घ्यायचा, पाचशे बाराने गुणायचं, नव्या फंक्शनला द्यायचा. एवढंच.

नंबर घेतला, नव्या फंक्शनला दिला, आणि आता मध्ये गुणाकार टाकायचा, तेवढ्यात मागून टेस्टिंगवाला म्हणाला, "बायकांच्या हातात दिलं की असंच रखडतं."

ताईने टेबलावरचा चहाचा मग त्याच्या तोंडावर फेकून मारला. त्याची भुवई फाटली, रक्त शर्टावर आलं, तो धावून आला तर तिने त्याची कॉलर धरून डोकं कपाटावर आपटलं. चौघांनी मिळून सोडवलं. साहेब ओरडले, टेस्टिंगवाल्याला टाके घालायला नेलं. ताई रागाच्या भरातच जागेवर येऊन बसली आणि तिने बटण दाबलं. पडदा हिरवा. तिला वाटलं, झालं बुवा एकदाचं. ऑफिसातल्या टेबलावर गाडा नव्हताच, त्यामुळे तपासणीत काही दिसायचा प्रश्नच नव्हता.

नवा कंट्रोलर बसवायला मिलमध्ये फिटर गेला. फिटर म्हणजे ताईचा धाकटा दीर. ही नोकरी तिनेच त्याला लावून दिलेली, काम तिनेच शिकवलेलं, अर्थात शिव्या देत. तो हसून म्हणायचा, "वहिनी, तुमचा मार खाऊन जो शिकला तो कुठेही टिकेल." पहिलीच बसवणी म्हणून ती लॅपटॉप घेऊन बरोबर गेली आणि आवारातल्या पत्र्याच्या खोलीत बसली. खिडकीतून करवत समोर दिसत होती.

गाड्यावर ओंडका चढवला. गाडा पात्याच्या हातभर अलीकडे थांबायचा, मग करवतवाला वाकून ओंडक्याची पकड आवळायचा, अशी रोजची रीत. आता गाडा थांबणारच या भरवशावर करवतवाल्याने वाकून पकडीला हात घातला. गाडा थांबला नाही. ओंडक्याबरोबर त्याचा हात पात्यात गेला, आणि कोपराच्या वरपर्यंत गेला. तो किंचाळला ते पात्याच्या आवाजात ऐकूही आलं नाही. रक्त समोरच्या फळ्यांवर उडालं. गाडा पुढे जाऊन खांबावर आदळला तेव्हा कुणीतरी वीज तोडली.

मग ऐकू येऊ लागलं.

ताईचे हात लॅपटॉपवर गेले. ते छोटं फंक्शन तिने उघडलं. गुणाकार नव्हता. चाळीस मागितले होते, चाळिसाव्या बाइटावरचा कसलातरी भलामोठा आकडा आला होता, आणि गाड्याला वाटलं होतं, अजून बरंच जायचंय.

बाहेर कामगारांनी फिटरला धरलं होतं. सगळ्यात पुढे करवतवाल्याचा भाऊ, हातात लाकडाची फळी. फिटर जमिनीवर पडला होता, डोकं दोन्ही हातांनी झाकून, आणि फळी त्या हातांवर पडत होती. बोटं मोडल्याचा आवाज ताईने दारातून ऐकला.

"त्याने काही केलं नाही. माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे. मी केलंय," ती ओरडत घोळक्यात घुसली.

"दिराला वाचवायला खोटं बोलतेय," कुणीतरी म्हणालं. "बाई, बाजूला व्हा."

तिने खाली पडलेला दांडा उचलला आणि करवतवाल्याच्या भावाच्या खांद्यावर हाणला. तो वळला, त्याने तिला तोंडावर ठोसा मारला. ती पडली, उठली, पुन्हा हाणला. तिला वाटत होतं, यांनी फिटरला सोडून आपल्याला मारावं. पण एक ठोसा मारून ते परत त्याच्याचकडे वळले. बाई आणि लॅपटॉप यांनी माणसाचा हात तुटतो, हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा फिटरचा जबडा मोडलेला होता आणि डावा डोळा दिसेनासा झाला होता.

ताईने चूक साहेबांना कळवली होती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात त्यांचा फोन आला. "मिलवाल्यांनी गाडा फार पुढे गेला तर तो बंद पाडणाऱ्या स्विचला तार बांधून ठेवली होती, फोटो आलाय. तो स्विच मोकळा असता तर गाडा थांबला असता. त्या तारेचंच बोल. आपलं एक अक्षर काढू नकोस. उद्या तुझा दीरही यातून सुटेल."

खरंच होतं. तार होती, फिटर सुटला असता, तीही सुटली असती. ताईने फोन खिशात ठेवला.

समोरच्या बाकावर करवतवाल्याची बायको बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, तीत पाण्याची स्टीलची बाटली आणि नवऱ्याचे रक्ताचे कपडे. तिने ताईच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"तुमचं कोण आहे आत?"

"धाकटा दीर. फिटर."

"तो होय. त्याला उगाच मारलं हो. तार माझ्याच माणसाने बांधली होती. स्विच सारखा पडतो म्हणून. मी घरी शंभरदा सांगितलं, काढ मेल्या ती तार, काढ. ऐकलं नाही. आता शुद्धीवर आला की काय बोलू त्याला? तुझ्याच कर्माने हात गेला, म्हणू?"

ती रडायला लागली.

"तार किती दिवस होती?" ताईने विचारलं.

"झालं की वर्ष."

"मग वर्षभर गाडा थांबत होता ना? तार असूनही, स्विचशिवाय. रोज नीट थांबत होता."

बाईने डोळे पुसले. "म्हणजे?"

"कुठे थांबायचं तो आकडा मी चुकवला. भांडायला उठले आणि एक गुणाकार लिहायचा राहिला. तुमच्या माणसाने काही केलं नाही. माझ्या दिरानेही नाही."

करवतवाल्याच्या बायकोने पिशवीचे बंद मुठीत गोळा केले. मिलच्या माणसांपैकी हे ऐकून खरं मानणारी ती पहिलीच. मग ती उठली आणि पिशवी फिरवून ताईच्या डोक्यात मारली. बाटली कपाळावर बसली, कातडी फाटली. दुसरा फटका कानावर. तिसऱ्याला वॉर्डबॉय धावत आला आणि त्याने बाईला मागून कवेत धरलं.

"सोडा त्यांना," ताई म्हणाली. रक्त डोळ्यात उतरत होतं, ते तिने पुसलं नाही. "त्यांचं झालेलं नाही अजून."