भाच्याची चूल

“चूल कुठे आहे?”

जाधव नर्सबाईंनी पंचनाम्याची नक्कल माझ्या टेबलावर ठेवली आणि एका ओळीवर बोट टेकवलं. मी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता. पण सरकारी नोकरीत उत्तर सुचेपर्यंत काहीतरी पुसत राहावं लागतं.

“कॉट आहे, कंदील आहे, देवाचा फोटो आहे, खुंटीवर सदरा आहे,” मी माझंच अक्षर वाचून दाखवलं. “‘सबब खोलीत वहिवाट चालू.’ आणखी काय पाहिजे?”

“मालकांच्या जबाबात लिहिलंय, भाचा आठ महिने स्वतंत्र बिऱ्हाड करून राहतो, हाताने रांधून खातो. मग तुमच्या पंचनाम्यात चूल का नाही?”

खोलीत चूल होती. मी ती बघितली नव्हती, कारण मी तिच्याकडे पाठ करून कॉटवर बसलो होतो आणि चहा पीत होतो.

ही महाराष्ट्र व्हायच्या जरा आधीची गोष्ट. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. मी समुद्रकाठच्या एका मामलेदार कचेरीत रिक्विझिशन क्लार्क होतो. हा शब्द घरात कुणालाही धड उच्चारता येत नसे, त्यामुळे माझा मान होता. काम मात्र सोपं. तालुक्याच्या गावात भाड्याची जागा रिकामी झाली की मालकाने कचेरीला कळवायचं. सरकारला आपल्या नोकरासाठी ती हवी असेल तर सरकार ती ताब्यात घेणार, भाडं ठरवून देणार. यालाच रिक्विझिशन म्हणायचं. मालकाने कळवलं नाही तर मी जागेवर जाऊन दोन पंचांसमक्ष पाहणी करायची आणि दिसेल ते लिहायचं. दिसेल ते. तिथेच माझी गोची झाली.

नर्सबाई आमच्या सरकारी दवाखान्यात नव्या आल्या होत्या. शिकलेली सुईण तालुक्यात ती एकच. नोकरीची अट अशी की दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहायचं. बाळंतपण काही कचेरीची वेळ बघून येत नाही. बाई मात्र आईला घेऊन पाच मैलांवरच्या आपल्या गावी राहत होत्या आणि रोज पायी ये-जा करत होत्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, महिनाअखेर जागा झाली नाही तर जिल्ह्याला कळवावं लागेल, आणि ही पोस्ट दुसऱ्या तालुक्याला जाईल. बाई जाणार, आणि गावातल्या बायका पुन्हा देवाच्या भरवशावर.

दवाखान्याच्या समोरच अप्पांची वाडी. माडाखाली रस्त्याच्या अंगाला एक खोली, पुढे ओटा. कंपाउंडरने चौकशी केली तेव्हा अप्पा म्हणाले, “पाठवून द्या, रिकामीच पडलीय.” सोमवारी बाई गेल्या. अप्पांनी खोली दाखवली, पाणी दिलं, मग प्रेमाने विचारलं, “जाधव म्हणजे कुठले जाधव?”

आता जाधव कुठल्याही वस्तीत सापडतात. बाईंनी आपलं गाव सांगितलं, वस्ती सांगितली, आणि दोन वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो तेही सांगितलं. मंगळवारी त्या सामान घेऊन आल्या तर खोलीला कुलूप. अप्पा म्हणाले, “भाच्याला दिलीय हो. आठ महिने झाले. काल माझ्या ध्यानातच आलं नाही.”

बाईंनी आमच्या कचेरीत अर्ज टाकला. अर्ज माझ्याकडे आला आणि मी पाहणीला गेलो.

अप्पा माझ्या जातीचे. आमच्या जातीत मासे नुसते चालत नाहीत, पळतात. पण माणसांच्या बाबतीत आम्ही फार सोवळे. मला बघताच अप्पा म्हणाले, “या या, आपल्यातलाच माणूस आला, बरं झालं.” मी खुशीत आलो. चहा घेता घेता मी त्यांना कायदासुद्धा समजावून सांगितला. नुसती जादा खोली असेल तर सरकार घेऊ शकतं, भाडेकरूचं वेगळं बिऱ्हाड असेल, वेगळं रांधणं असेल, तर अवघड जातं. अप्पांनी मान डोलावली आणि जबाबात तस्संच घातलं. निघताना हळूच म्हणाले, “धर्म बदलला म्हणून माझी विहीर थोडीच बदलते? तुला सांगायला नको.” मला खरंच सांगायला लागलं नाही. मी ऐकलं, हसलो आणि पंच म्हणून अप्पांच्याच दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन परत आलो.

तर आता बाई माझ्यासमोर उभ्या होत्या.

“तुम्ही चुलीचंच कसं काय विचारता?” मी म्हटलं.

“बाळंतिणीच्या घरात शिरले की मी आधी चूल बघते. गरम पाणी किती वेळात मिळेल ते तिच्यावरून कळतं. सोमवारी त्या खोलीतली चूल बघितली. कोरी होती. सारवून ठेवलेली, राखेचा कण नाही. आठ महिने कुणी रांधत असेल तर मी नर्सचं काम सोडते.”

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. आरडाओरडा करणाऱ्या अर्जदाराला बसवून पाणी कसं द्यायचं हे मला ठाऊक होतं. पंचनाम्यातली चूक दाखवणारा अर्जदार मी पहिल्यांदाच बघत होतो.

मी त्यांना मामलेदारांकडे नेलं. आमचे रावसाहेब दिवसभरात चाळीस शब्द बोलत, त्यातले तीस मला झाडण्यात जात. त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, “भाचा काय करतो?”

“उरणला मिठागरावर मुकादम आहे, रावसाहेब.”

“आणि रोज रात्री इथे झोपायला येतो? खाडी पोहून?”

मी पुन्हा चष्मा काढला.

रावसाहेब बाईंकडे वळले. “अस्पृश्यता गुन्ह्याचा पंचावन्न सालचा कायदा आहे. जातीवरून राहायची जागा नाकारणं, पाणी नाकारणं त्यात बसतं. तुम्हाला खटला हवा की खोली?”

“दोन्ही मिळत असतील तर आधी खोली, साहेब. खटला चालेल तोवर बाळं थांबत नाहीत.”

त्या कायद्याचं परिपत्रक कचेरीच्या फळ्यावर मीच चिकटवलं होतं. वाचलं मात्र त्या दुपारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा वाडीत गेलो. रावसाहेब, मी, बाई आणि नवे पंच. एक शाळामास्तर, दुसरे कोळीवाड्यातले म्हातारे तांडेल, होडीवरचे म्होरके. अप्पांना सुगावा लागला होता. दार उघडलं तर चुलीत राखेचा ढीग, बाजूला अर्धवट जळलेली लाकडं, मडक्याचं बूड काळं.

“बघा,” अप्पा म्हणाले. “पोरगं दर शनिवारी येतं, हाताने करून खातं. आठ महिने!”

माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो, पहिला पंचनामा खरा ठरला. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं.

बाई चुलीपाशी गेल्याच नाहीत. दारातच उभ्या राहून त्यांनी वर बघितलं. मग म्हणाल्या, “साहेब, जळमटं बघा.”

चुलीच्या बरोबर वर, वाशांपासून कौलांपर्यंत जळमटांचं जाळं लोंबत होतं. पांढरंशुभ्र, धुतल्यासारखं.

“काय आहे त्यात?” रावसाहेब म्हणाले.

तांडेल हसायला लागले. “सायब, तुमच्या घरात बाई रांधती, तुमी वर कवा बगितलं न्हाय वाटतं! चुलीवरचं जलमट धुरानं काळं व्हतं. म्हयन्याभरात काजळासारखं. ह्या खोलीत आठ म्हयनं धूर न्हाय झाला. काल येकदा झाला आसंल, त्यो बी पालापाचोल्याचा.”

“तांडेल, तू कुणाच्या बाजूने बोलतोस?” अप्पा तडकले.

“जलमटाच्या,” तांडेल म्हणाले.

रावसाहेबांनी मला खूण केली. मी लिहायला लागलो, या वेळी उभ्यानेच. चूल, राख, वासे, जळमटांचा रंग. मास्तरांनी सही केली, तांडेलांनी अंगठा दिला. अप्पा माझ्याजवळ येऊन पुटपुटले, “अरे, आपल्यातला म्हणून तुला मानलं.” मी सह्यांवरची शाई टिपत राहिलो. धाडस असतं तर बोललो असतो. मला फक्त लिहिता येत होतं.

कचेरीत येऊन मी हुकूम लिहायला घेतला: खोली एक, ओटा एक, नर्सबाईंना राहण्यासाठी. बाई समोर बसल्या होत्या.

“विहीर लिहा,” त्या म्हणाल्या.

“अहो बाई, खोलीबरोबर पाणी येतंच.”

“तुमच्याबरोबर येतं. माझ्याबरोबर लिहून आणावं लागतं.”

मी लिहिलं, ‘व विहिरीचा रहाटासह वापर.’ रावसाहेबांनी एक शब्दही न बदलता सही केली.

रविवारी बाई आईला घेऊन राहायला आल्या. मी हुकूम बजावायला हजर होतो. अप्पांनी रहाटाचा दोर काढून ठेवला होता. बाईंनी वाद घातला नाही. ओट्यावर कळशी ठेवली, हुकुमाचा कागद उलगडला आणि ‘रहाटासह’ हा शब्द अप्पांना वाचून दाखवला. मग विचारलं, “दोर तुम्ही बांधता, की मी साहेबांना बोलावून आणू?” रस्त्यावर पाचसहा माणसं जमली होती. अप्पा आत गेले. दोर बाहेर आला. बाईंनी स्वतः बांधला, कळशी भरली आणि आईच्या हातात दिली. म्हातारीने ती घेताना पाणी जरासं सांडलं. तिने वाकून ओल्या मातीला हात लावला आणि ती आत गेली.

बाई त्या खोलीत पाच वर्षं राहिल्या. अप्पा त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलले नाहीत. माझ्या सर्व्हिस शीटवर ‘पाहणीत निष्काळजीपणा’ असा शेरा बसला, तो अजून आहे. आमच्या जातीतल्या दोन घरांनी मला मुंजीचं आवतण दिलं नाही. जेवण बुडालं याचं बायकोला जास्त वाईट वाटलं.

एवढ्या वर्षांत एकही मालक मला कधी म्हणाला नाही की याची जात नको. सगळे म्हणतात, जागा भरलेली आहे. तेव्हा नव्या कारकुनांना मी एवढंच सांगतो, जागा भरलेली आहे असं कुणी म्हटलं की नीट वर बघून यावं, आणि हुकूम लिहिताना ज्याला राहायचंय त्याला समोर बसवावं. काय काय लिहायचं राहतं, ते त्यालाच ठाऊक असतं.